पाण्याची गोधडी

घागर बुडेना. मी ती कुंडात टाकली तर ठण्ण असा आवाज झाला आणि ती पाण्यावर बसून राहिली, पाटावर ठेवावी तशी.

मी वाकून बोट लावलं. पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरला होता. आमच्या देवकुंडीला थंडी नवी नाही. महाबळेश्वरच्या डोंगराची एक सोंड पश्चिमेला उतरते, तिच्या टोकाला आमचं गाव. पौषात गवताच्या गंजीवर दहिवर गोठतं, सकाळी अंगण मीठ सांडल्यासारखं दिसतं. पण कुंड गोठलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. कुणी पाहिल्याचं ऐकलंही नव्हतं.

तेवढ्यात देवळाच्या शिखरामागून ऊन आलं. कमळाची ताटाएवढी पानं दांड्यांवर उभी होती, त्यांच्या कडांना पांढरी लव आली होती. कडेचा चिखल उघडा होता आणि त्यातून बर्फाच्या बारीक सुया उभ्या राहिल्या होत्या, हजारो. ऊन पडलं आणि सगळं कुंड एकदम पेटल्यासारखं झालं. मी किती वेळ बघत राहिले सांगता येत नाही. आपण काय करून बसलोय हेसुद्धा तेवढा वेळ विसरले.

मग ऊन चढलं. सुया विरल्या. पानं आधी मऊ पडली, मग दांड्यांवरून मान टाकल्यासारखी लोंबली. दुपारपर्यंत सगळी काळी, उकडलेल्या अळूसारखी.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. माझं नाव अनसा. गुरवाच्या घरची सून. कुंडजाईचं देऊळ, देवळापुढं दगडी पायऱ्यांचं कुंड, आणि कुंडात कमळं. ही सगळी आमच्या घरची चाकरी. माझे मालक वाईला एका भोजनालयात कामाला होते, महिन्यातून एकदा येत. घरी मी आणि सासरे. मी त्यांना मामंजी म्हणायची. गाव त्यांना रखमाजी गुरव किंवा नुसतं बाबा म्हणायचं.

दर चैत्री पुनवेला पहिलं कमळ कुंडजाईच्या पायावर जायचं, मामंजींच्या हातानं. त्याशिवाय पालखी उठत नसे.

कुंडाला एका कोपऱ्यात तळाशी मोरी आहे. मोरीला जांभळीच्या लाकडाचा गुडदा, बुचासारखा ठोकलेला. वर्षातून एकदाच, शिवरात्र झाल्यावर, तो काढायचा, पाणी उतरवायचं आणि गाळ हलवायचा. थंडी शिवरात्रीला शिव शिव म्हणत जाते, त्याच्या आत मोरीला हात लावायचा नाही. मामंजी लेकीच्या बाळंतपणासाठी मेढ्याला निघाले तेव्हा उंबऱ्यावर थांबून हेच सांगून गेले होते.

"दिवा वेळेवर लाव. गाईला सांजचं कोंडा दे. आन् मोरीला हात लावू नगं."

"न्हाई लावत, मामंजी."

आणि ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी हात लावला.

कुंडाखालच्या पट्टीत मी स्ट्रॉबेरीच्या दहा सऱ्या लावल्या होत्या. तेव्हा आमच्या भागात ते नवंच होतं. खालच्या बंगल्याच्या माळ्यानं मला रोपं दिली होती. माझी म्हणून जगात तेवढीच वस्तू होती. ओढा आटत आलेला, सऱ्यांना भेगा पडलेल्या. मला वाटलं, घटकाभर मोरी उघडू, दहा सऱ्या भिजवू, परत बसवू. कोण बघतंय?

घटकाभरात सऱ्या भिजल्या. गुडदा बसवायला गेले तर त्यावरचा जुना वाख कुजून निघून आला. गुडद्याला घायपाताचा वाख, म्हणजे त्याचे चिवट तंतू, गुंडाळायचा असतो. तो पाण्यात फुगतो आणि मोरी धरून ठेवतो. मला हे माहीत होतं, पण वाख घरी, माळ्यावर, आणि पाणी हाताखालून चाललेलं. मी माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडला, गुडद्याला गुंडाळला आणि ठोकून बसवला. पाणी थांबलं. मी घरी आले.

चिंधी फुगत नाही. ती भिजली की पातळ होते. तीन दिवस मोरी झिरपत राहिली आणि पुरुषभर पाण्याचं कुंड गुडघ्याच्या खाली आलं. मला कळलं तेव्हा मी गुडद्यावर दगड मारून मारून तो घट्ट केला, पण पाणी काही परत चढत नव्हतं. आमचा झरा बोटभर धारेचा. दुसऱ्याच पहाटे हिव पडलं, पाणी गोठवणारं.

स्ट्रॉबेरी मात्र वाचली. ओल्या मातीला हिव बाधत नाही. एक पिकलेलं फळ मी तोडून तोंडात टाकलं आणि थुंकून दिलं.

मामंजी संध्याकाळच्या आत आले. दारात पिशवी ठेवली, तसेच कुंडावर गेले. मी मागं. ते पायरीवर उभे राहिले. मग विचारलं,

"कवा झालं?"

"आज सकाळी. बर्फ धरला होता."

"हं."

ते धोतर वर खोचून खाली उतरले, मोरीपाशी गेले, वाकून खांद्यापर्यंत हात मोरीत घातला. बराच वेळ हात आतच होता. मग ते वर आले, हात पुसले आणि म्हणाले, "दिवा लाव. उशीर झाला."

जेवायला बसले आणि दोन घासांवर उठले.

दुसऱ्या दिवशी सरपंच आले. धोंडिबा पारठे. वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. कुंडाचं पाणी देवीचं आणि गुरवाच्या घरचं, बाकी गावानं ओढ्यावर जायचं, अशी जुनी रीत. चैत्र-वैशाखात ओढा आटला की बायका खालच्या डोहावरून डोक्यावर दोन-दोन घागरी घेऊन दीड मैल चढायच्या, त्यांत धोंडिबांची बायकोही होती. तालुक्याहून सिमेंट मंजूर करून घेतलं होतं त्यांनी. कुंड पक्कं बांधायचं, वर झाकण, खाली नळ. पण कुंडात कमळं होती, तोवर कुणाची बोलायची छाती नव्हती.

ते पायरीवर बसले. काळ्या पानांकडं बघत राहिले.

"बाबा, पाणी कुठं गेलं कुंडातलं?"

मी देवळाच्या ओट्यावर वाती वळत होते. माझा हात थांबला.

"मोरी सैल ऱ्हायली," मामंजी म्हणाले. "मीच जाताना नीट बघितली न्हाई. म्हातारपण."

"तुम्ही? पन्नास वर्सं मोरी बघताय की."

"म्हणून तर. पन्नास वर्सांनी एकदा चुकलो."

मला वाटलं, यांना खरंच तसं वाटतंय. आपल्या हातून झालं असंच समजून हा माणूस जेवत नाही. तोंड उघडावं, सांगावं, म्हणून मी ओटा उतरून चार पावलं पुढंही गेले. पण धोंडिबांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, च्या ठेवा थोडा." मी चहा ठेवायला गेले. जन्मात इतक्या आनंदानं मी चहा ठेवला नसेल.

चहा घेऊन आले तेव्हा ठरून गेलं होतं.

"बाबा, मी काय राक्षस न्हाई," धोंडिबा म्हणत होते. "चैत्री पुनवेपातूर थांबतो. तवर कुंडात कमळाचं एक जितं पान दिसलं, तर सिमेंटाचं पोतं हितं उतरणार न्हाई. न्हाई दिसलं, तर देवीनंच कुंड सोडलं म्हणायचं. मंजूर?"

"मंजूर," मामंजी म्हणाले आणि चहा तसाच ठेवून आत गेले.

त्या दिवसापासून ते कुंडाकडं पाठ करून बसू लागले. पूजा करायचे, घंटा वाजवायचे, आणि भिंतीकडं तोंड करून बसायचे. भाकरी अर्धी. बोलणं त्याहून कमी.

चार दिवसांनी मी पदर खोचला आणि कुंडात उतरले. काळी पानं, कुजके दांडे सगळं उपसून कुंड लख्ख करायचं, मग देवीला दया येईल, असं काहीतरी डोक्यात होतं. पहिला दांडा पाण्याखाली हात घालून मोडला, तेवढ्यात वरून ओरडणं आलं.

"ए बये! त्याचा गळा का दाबतीस?"

तान्हीबाई भोईण होती. डोक्यावर सुकटीची पाटी. पंधरवड्याला एकदा ती खालच्या खोऱ्यातून चढून यायची, दारोदार बोंबील-सुकट विकायची. वय सत्तरीच्या पुढं, पाय काटक्या, आवाज मात्र ढोलासारखा.

"कुजलंय की सगळं, मावशी."

"कुजलंय ते वरचं. दांडा आतनं पोकळ आसतो, ठावं हाय का? पाण्याखाली मोडलास तर नळीतनं पाणी खाली गड्ड्यात जातंय. जो जिता आसंल तोबी सडंल. पाण्याच्या वर काप, काय कापायचं ते. बाहीर ये."

मी बाहेर आले. तिनं पाटी खाली ठेवली, पायरीवर बसली, आणि माझ्या हातातला मोडका दांडा घेऊन त्याचं एक टोक तोंडात धरून फुंकर मारली. दुसरं टोक माझ्या गालाशी आणलं. वारा लागला. दांड्यात बारीक नळ्या होत्या, चाळणीसारख्या. दहा वर्षं त्या कुंडाशेजारी राहून मला हे माहीत नव्हतं.

"तुला काय ठावं हे सगळं?" मी विचारलं.

"आमच्या गावचं तळं होतं, ह्याच्या दसपट. कमळकाकडी काढायची आमच्याच लोकांनी. हातानं न्हाई, पायानं. चिखलात पाय घालायचा आन् बोटांनी वळकायचं. माझी आई म्हणायची, तान्हे, तुझं डोळं पायाला हायती." ती हसली. "आता तळ्यावर धरणाचं पाणी हाय. पन्नास हात. डोळं ऱ्हायलं, तळं गेलं."

"हे जगंल का, मावशी?"

तिनं कुंडाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. माझ्या तोंडावर काय लिहिलं होतं कोण जाणे.

"पाणी कमी करून बसलाय तुमी. कमळ थंडीत निजतं. पाणी म्हंजी त्याची गोधडी. ऐन थंडीत कुणीतरी गोधडी वढून घेतली त्याची. जे वरवर निजलं होतं ते गेलं. जे खोल निजलं आसंल…" ती थांबली. "आदी गोधडी घाल. झरा काय भरंना, तुझ्या घागरीनं भर. मी शिवरात्र झाल्यावर येते. तवर त्यात पाय घालू नगं, निजल्याला उठवू नगं."

"आन् तवर काय करू?"

"भर म्हणलं की पाणी! आन् माझ्याकडनं पावशेर सुकट घे. उगं फुकट शहाणपन ऐकून घेतलंस."

ओढ्यात उरलेल्या डबक्यापासून कुंडापर्यंत दीडशे पावलांचा चढ होता आमच्या बाजूनं. मी महिनाभर पाणी वाहिलं. सकाळी वीस घागरी, तिसऱ्या प्रहरी वीस. गावातल्या बायका हसायच्या. "गुरवीण बघा, आम्ही ओढ्यातनं घरात नेतो, ही ओढ्यातनं कुंडात वतती!" मी घागर ओतून परत ओढ्याकडं वळायची. मला बोलायचं होतं ते दुसरंच होतं आणि ते त्यांना नव्हतं, मामंजींना होतं. रोज ठरवायची, आज सांगायचं. मामंजी भिंतीकडं तोंड करून बसलेले असायचे आणि मी त्यांच्या पाठीला भाकरी वाढून परत यायची.

कुंड छातीपर्यंत भरलं तेव्हा शिवरात्र आठवड्यावर आली होती.

शिवरात्रीनंतर आठव्या दिवशी तान्हीबाई आली. धोंडिबाही आले, गवंड्याला घेऊन. गवंडी टेप लावून पायऱ्या मोजू लागला. मामंजी घोंगडी पांघरून वरच्या पायरीवर बसले. किती दिवसांनी कुंडाकडं तोंड करून.

आमच्या कुंडात उतरायची एक रीत आहे, मागच्या खेपेला मी ती पाळली नव्हती. उतरणाऱ्यानं पहिल्या पायरीवर कुंडाचं पाणी ओंजळीनं घ्यायचं आणि तोंडात चूळ धरायची. बाहेर येईपर्यंत ती गिळायची नाही, थुंकायची नाही. देवीच्या पाण्यात माणसानं बोलायचं नाही म्हणून. आणि लोखंड न्यायचं नाही, विळा नाही, कुदळ नाही. हात आणि पाय.

"उतर," मामंजी म्हणाले.

मी चूळ धरली आणि उतरले. पाणी इतकं गार की दात दुखायला लागले. तळाला पाय टेकला, चिखल घोट्यापर्यंत आला, मग पोटरीपर्यंत. मी बोटं पसरली, तान्हीबाईनं सांगितलं होतं तशी.

पहिला गड्डा लागला तो मऊ. बोट लागताच फुटला, जास्त पिकलेल्या केळासारखा. त्याचा तुकडा बुडबुड्यांबरोबर वर आला आणि वास सुटला. दुसराही तसाच. तिसराही. काळे तुकडे माझ्याभोवती तरंगायला लागले.

"बाबा," धोंडिबा हळू आवाजात म्हणाले, "पुरं करा आता. पोरीला गारठून मारताय कशाला? मोरी सैल ऱ्हायली, चूक झाली, झालं-गेलं. तुमच्या वयात कुणाचीबी व्हती. गाव तुमाला नावं ठिवणार न्हाई."

"अजून मधी कुठं गेलीय ती?" तान्हीबाई म्हणाली. "कडेचं मेलं, ते मरणारच. आन् सरपंच, सडक्याचा वास मला सांगू नगा, मी बोंबील विकते. मधी जा गं!"

मी मधे गेले. तिथं पाणी हनुवटीला लागत होतं. चिखल गुडघ्याच्या वर. पाय आत-आत जात होता आणि तळ काही येत नव्हता. थंडीनं बोटं बधिर झाली होती, त्यांना काही कळेल असं वाटत नव्हतं. आणि मग कळलं.

टणक होतं. गुळगुळीत. मनगटाएवढं जाड. मी पाय पुढं सरकवला, गाठ लागली, उसाच्या पेऱ्यासारखी. गाठीपुढं पुन्हा टणक. आणि त्या पेऱ्याच्या टोकाला एक चोच होती. बगळ्याची असते तशी, निमुळती, वर वळलेली. ती माझ्या अंगठ्याला टोचली.

मी हललेच नाही. वर सगळं काळं, कुजकं, वास मारणारं. आणि इतक्या खाली, अंधारात, जिथं ऊनही कधी जात नाही, तिथं ही एवढी चोच वर तोंड करून थांबलेली होती. कुणासाठी? कधीपासून? हिव पडलं तेव्हा ती इथंच असेल. मी दगडांनी गुडदा ठोकत होते तेव्हाही. मी वर घागरी ओतत होते आणि ही खाली तयारी करत होती. देवळात मी रोज हात जोडायची, पण देवीपुढं असं अंगावर शहारे येऊन उभं राहणं काय असतं, ते मला त्या चिखलात कळलं.

पुढं पन्नाशी उलटल्यावर मी साक्षरतेच्या वर्गाला गेले. बाईंनी फळ्यावर क काढला आणि कमळाचा तक्ता टांगला. गुलाबी फूल, दोन पानं, बस्स. मी म्हटलं, "बाई, अर्धंच काढलंय. खालचं कुठाय?" सगळ्या बायका हसल्या. मी मात्र तोच पाय आठवत बसले होते.

मी हात वर केला.

"टणक?" तान्हीबाई ओरडली. "मान हलव!"

मी मान हलवली.

"चोच हाय?"

पुन्हा हलवली. तान्हीबाईनं दोन्ही हात कपाळाला लावले. मामंजी उभे राहिले. घोंगडी खाली पडली, त्यांना कळलंही नाही.

"आता गोधडी काढायची," तान्हीबाई म्हणाली. "थंडी सरली. वरचं पाणी उतरवा, मांडीभर ठिवा. ऊन तळाला जाऊ द्या. उबारा लागला की ते आपसूक उठंल."

मामंजींनी माझ्याकडं पाहिलं. "अनसा, मोरी उघड."

मी मान नाही म्हणून हलवली. मी ती पुन्हा उघडणार नव्हते. मेले तरी नाही.

"उघड म्हंतो ना. शिवरात्र झाली."

मी पाण्यातून कोपऱ्याकडं गेले. खाली बसले, पाणी डोक्यावरून गेलं, हात मोरीत घातला. गुडदा सापडला. मी हिरव्या काठाची चिंधी चाचपत होते. चिंधी नव्हती. बोटांना लागला तो वाख. नवा, फुगलेला, एकावर एक दाट बसवलेला, आणि शेवटी उजवीकडून डावीकडं मारलेली गाठ. तशी गाठ आमच्या घरात एकच माणूस मारायचा. डाव्या हाताचा.

मी वर आले, श्वास घेतला. मामंजी तिथंच उभे होते, माझ्याकडं बघत.

त्या पहिल्या संध्याकाळी हात खांद्यापर्यंत मोरीत घालून ते एवढा वेळ काय करत होते, ते मला तेव्हा कळलं. मेढ्याहून आले होते, लेकीकडं पाळण्याच्या दोरीसाठी नेलेल्या वाखातला उरलेला कमरेला असणार. त्यांनी चिंधी सोडली, वाख बांधला. आणि दुसऱ्या दिवशी सरपंचासमोर म्हणाले, मोरी मीच सैल ठेवली.

"सांभाळून, वहिनी," वरून धोंडिबा म्हणाले. "बाबांनी मागं केलं तसं व्हायचं. नीट बसवा माघारी."

मी चूळ थुंकली.

"त्यांनी न्हाई केलं!" मी ओरडले. आवाज कुंडाच्या चारी भिंतींना लागून फिरला. "मी उघडली मोरी. माझ्या सऱ्यांसाठी. मामंजी नको म्हणून सांगून गेले होते, तरी मी उघडली. चिंधी मी बांधली. ह्यांचा त्यात काही दोष न्हाई. ह्यांना सगळं ठावं होतं. पहिल्या दिवसापासनं ठावं होतं!"

गवंड्याच्या हातातली टेप सुटून आपोआप गुंडाळली गेली, तिचा तेवढा आवाज झाला. मी हनुवटीपर्यंत पाण्यात उभी होते आणि मला वाटलं, आता हा माणूस मला घराबाहेर काढणार आणि ते बरोबरच आहे.

मामंजी एक पायरी खाली आले.

"चूळ सांडलीस," ते म्हणाले.

"मामंजी…"

"भर परत. देवीच्या पाण्यात बोलत न्हाईत."

मी ओंजळीनं पाणी घेतलं. तोंडात धरलं. अर्धं सांडलं. मी परत घेतलं. मग खाली गेले आणि गुडदा ओढला.

पाणी मांडीपर्यंत आलं तेव्हा मामंजी स्वतः चूळ धरून मोरीपाशी आले. गुडदा माझ्या हातातून घेतला, ओला वाख काढला, आणि नवा वाख माझ्याकडं दिला. मी गुंडाळला. त्यांनी तो सोडला, परत दिला. मी परत गुंडाळला. चौथ्या वेळेला त्यांनी मान हलवली.

"मला दाखवा की बाबा, एवढं काय अवघड हाय त्यात," धोंडिबा वरून म्हणाले. नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून.

"सरपंच," मामंजी पायरीवर चढून, चूळ टाकून म्हणाले, "हे पाणी आता खाली ओढ्याला जाऊन वाया जातंय. दर वर्षी जातंय. कुंड भरलं की झऱ्याची धारबी वरच्या सांडव्यातनं तिथंच पडंल. तुझं सिमेंट मोरीखाली वत. टाकी तिथं बांध. देवीचं पिऊन झालेलं पाणी गावानं प्यालं तर देवी काय म्हणणार हाय?"

धोंडिबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "हे आधी का न्हाई सांगितलंत?"

"आधी तू कुंड बुजवत होतास. मी ऐकत बसलो."

पण शब्द तो शब्द. पुनवेपर्यंत पान दिसायला हवं होतं. होळी झाली. मी रोज पहाटे कुंडावर जायची आणि पाण्यात बघायची. तळ दिसायचा, पान नाही. पाडवा झाला. तान्हीबाई येऊन गेली, पाण्यात हात घालून "कोमट हाय, कोमट हाय," एवढंच म्हणाली. मामंजी आता पोटभर जेवायचे, पण पायरीवरून हलायचे नाहीत. आम्ही दोघं शेजारी बसून पाण्यात बघायचो. मोरीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मी एकदा सुरुवात केली, तर म्हणाले, "बघ, बेडूक."

पुनवेच्या आदल्या दिवशी दुपारी मला पाण्यात एक सुई दिसली. तपकिरी, बोटाएवढी, तळातून सरळ वर आलेली. मला वाटलं गवताची काडी. संध्याकाळी ती टीचभर होती. त्या काडीला दोन्ही बाजूंनी गुंडाळलेलं काहीतरी होतं, पत्र गुंडाळावं तसं.

पुनवेला सूर्य उगवायच्या आधी काकडा असतो. चिंध्यांचा जाड पलिता तुपात भिजवून पेटवतात आणि देवीसमोर धरतात. मी देवळात गेले तेव्हा पालखी तयार होती, गाव जमलं होतं. धोंडिबा होते. फूल नव्हतं आणि सगळे मामंजींकडं बघत होते.

"फूल दर साल देवीकडं येतं," मामंजी म्हणाले. "औंदा देवी जाईल."

त्यांनी पालखी उचलायला लावली. देवळाबाहेर, पायऱ्या उतरून, कुंडाच्या अगदी कडेला. तिथं भोई थांबले. तांबडं फुटत होतं. पाण्याच्या मधोमध, आदल्या सांजेला जिथं काडी होती तिथं, एक पान पाण्यावर पडलं होतं. रुपयाएवढं. उलगडून झालं नव्हतं अजून, एक कड वळलेलीच होती. त्यावर पाण्याचा एक थेंब होता आणि तो पानाला न लागता इकडून तिकडं हिंडत होता.

कुणी जयजयकार केला नाही. एवढी माणसं, पण सगळ्यांनी तोंडात चूळ धरल्यासारखी. धोंडिबा खाली वाकले, बघत राहिले, मग वहाणा काढून बाजूला ठेवल्या.

मामंजींनी काकडा माझ्या हातात दिला. "धर," म्हणाले. "पानाला दाखव."

बाईनं काकडा धरायची आमच्यात रीत नाही. मी धरला. हात लांब करून पाण्यावर नेला. ज्योत खाली उतरत होती, चिंध्यांचे पदर एक-एक करून उलगडत होते. पांढरी चिंधी जळाली, त्याखालची पांढरी जळाली, आणि मधे, सगळ्यांत आत, हिरवा काठ दिसला. माझ्या लुगड्याचा. तुपात भिजून काळपट झालेला, पण मी ओळखला.

मी मामंजींकडं पाहिलं. ते पानाकडं बघत होते.

मी हात हलू दिला नाही. तो काठ पूर्ण जळेपर्यंत काकडा तसाच धरून ठेवला.